परत आलेले डबे

आमच्या मयूर विहारच्या घरातून त्या काळात जेवढे स्टीलचे डबे बाहेर गेले, तेवढ्या स्टीलमध्ये यमुनेवर आणखी एक पूल झाला असता. हे मी उगाच म्हणत नाही. आमचे हे म्हणतात की मी सगळंच उगाच म्हणते. पण ते अकाउंट्सचे माणूस, त्यांना बायकोच्या प्रत्येक वाक्याला व्हाउचर लागतं.

दर रविवारी आमच्याकडे मुलं जेवायला येत. महाराष्ट्रातून कलेक्टर व्हायला दिल्लीत आलेली मुलं. बीड, वाशीम, सटाणा, कुठकुठली. राजेंद्र नगरात गच्चीवरच्या एकेका खोलीत, जिला दिल्लीवाले बरसाती म्हणतात, दाटीवाटीने राहायची आणि राजमा खाऊन खाऊन रडकुंडीला यायची. कुणीतरी कुणाला तरी सांगितलं की यमुनापार एक काकू आहेत, त्या वरण-भात करतात. पुढच्या रविवारी आमच्या जिन्यात चपलांचा एवढा ढीग पडला की खालच्या मजल्यावरचे सरदारजी डोकं झाकून वर आले आणि विचारू लागले, कीर्तन कितने बजे है?

मी तेव्हा एका मंत्रालयात असिस्टंट होते. सकाळी चार्टर्ड बसने पूल ओलांडायचा, दिवसभर एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलाला लावून द्यायची, संध्याकाळी त्याच बसने परत. देश खुला झाला होता म्हणे. आमच्या मागच्या खिडकीतून तो खुला होताना दिसायचाही. आधी नोएडाच्या बाजूला शेतं होती, मग तिथे बोर्ड लागले, मग खड्डे पडले, मग खड्ड्यांतून काचेच्या इमारती वर आल्या. टीव्हीवर चॅनेल वाढले, दुकानात बिस्किटांचे प्रकार वाढले आणि माझी कंबर जास्त दुखायला लागली. रविवारी खरं म्हणजे मला झोपायचं असायचं. पण दाराशी मुलं उभी राहिली की माझ्या तोंडाचा नळ आपोआप सुटायचा, आणि एकदा नळ सुटला की मग भात किती शिजवतेय याचंही भान राहायचं नाही.

जेवताना मी गोष्टी सांगायचे. आमच्या ऑफिसातल्या माकडाने खिडकीतून फाइल पळवली, आणि दोन-चार दिवसांनी आणून ठेवली तेव्हा तिच्यावर सेक्शन ऑफिसरची सही झालेली होती, ही माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट. ती मी इतक्या वेळा सांगितली की पुढे पुढे मला ते माकड स्पष्ट आठवायला लागलं. त्याच्या डाव्या कानाला चीर होती.

उरलेलं अन्न डब्यांत भरून मुलांना द्यायचं आणि डबा परत मागायचा नाही, असा आमच्या घरचा रिवाज होता. विद्यार्थी डबा परत करतच नाही. तो त्यात साबण ठेवतो, मोजे ठेवतो, एकाने तर दाढीचं सामान ठेवलं आणि निवड झाल्यावर तो डब्यासकट ट्रेनिंगला निघून गेला. क्वचित कुणी आणलाच, तर आईने पाठवलेली चकली नाहीतर शेंगदाण्याची चटणी त्यात असायची, कारण रिकामा डबा परत करायचा नाही एवढं आपल्याकडे कुणालाही शिकवावं लागत नाही.

या मुलांत श्रीरामपूरकडचा एक होता. घर ख्रिस्ती, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. दर नाताळाला आईच्या हातच्या करंज्या घेऊन यायचा. उंच, किडकिडीत, हसला की खांदे हलायचे. इतर मुलं माझ्या गोष्टीला हसायची. हा पठ्ठ्या गोष्टीला खतपाणी घालायचा. मी माकडाची सही सांगितली की हा गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "काकू, शेरा त्याने हिंदीत लिहिला का इंग्रजीत?" मग मला शेरा रचावा लागायचा. त्याच्या प्रश्नांमुळे ते माकड बढती घेत घेत जॉइंट सेक्रेटरी झालं होतं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर तो येईनासा झाला. मेन्सची परीक्षा आहे, अभ्यासात असेल, असं मी धरून चालले. आला तो थेट नोव्हेंबरात, एका रविवारी, सगळ्यांच्या आधी. हातात सरोजिनी नगरातल्या कपड्यांच्या दुकानाची मोठी पिशवी होती. ती त्याने ओट्यावर ठेवली आणि डबे काढायला लागला. एकात एक बसवलेले, घासलेले, कोरडे पुसलेले. मला वाटतं माझ्या लग्नातला एक होता त्यात. सगळेच्या सगळे. आणि सगळे रिकामे.

"अरे वा," मी म्हटलं, "सरकारने डबे जप्त करायचा कायदा केला की काय?"

तो हसला नाही. म्हणाला, "राहून गेले होते, काकू."

पंगत बसली तेव्हा त्याचा खोलीतला जोडीदार मोठ्याने सांगत होता, "आपली तर चैन आहे राव. याने रजई देऊन टाकली मला. नवीकोरी. म्हणतो, मला थंडी वाजत नाही." सगळे हसले. आमच्या ह्यांनी ताटातून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. दिल्लीत नोव्हेंबरात कुणी रजई देऊन टाकतं का? दिल्लीत नोव्हेंबरात माणूस सख्ख्या भावाला रजईचं टोक देत नाही.

स्वयंपाकघरात आमची कन्या माझ्या मागोमाग आली. ती तेव्हा कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती, आणि जन्म दिल्लीतला असल्यामुळे तिचं मराठी अर्ध्या रस्त्यात पेट्रोल संपल्यासारखं थांबायचं.

"आई, ये ठीक नहीं है. हे असं चीजें वाटून टाकणं, मतलब... क्लासमध्ये शिकवलंय आम्हाला. ये सीरियस होता है."

"अगं, डबेच तर आणलेत."

"पण तू म्हणतेस ना, कुणी आणत नाही म्हणून?"

 

जेवणं झाल्यावर मी त्याला वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्ताने गॅलरीत घेतलं. विचारलं, "घर बदलतोयस का?"

"नाही."

"मग डबे, रजई?"

"असंच. कुणाचं काही आपल्याकडे राहायला नको."

चादरीचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. घडी घालता घालता त्याने सांगितलं. मेन्स सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तो पेपर सोडून उठला. बसमध्ये बसला, पुढे बस बदलली, कंडक्टरने 'हिंदूराव, हिंदूराव' असा पुकारा केला तेव्हा नाव आपल्याकडचं वाटलं म्हणून उतरला, आणि अंधार पडेपर्यंत रिजच्या, म्हणजे तिथल्या टेकडीवरच्या, झाडीत बसून राहिला. नंतरच्या एकाही पेपराला गेला नाही. घरी कुणाला माहीत नाही. घरचे निकालाची वाट बघताहेत.

"घरचे म्हणजे नुसते घरचे नाहीत, काकू. दर रविवारी चर्चमधल्या उपासनेत पाळकसाहेब माझं नाव घेतात. आधी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, मग माझ्यासाठी. अख्खी मंडळी उभी राहते. म्हाताऱ्या बाया गुडघे धरून उभ्या राहतात. आत्ता या वेळेला घेऊन झालं असेल."

मी कन्येचं ऐकलेलं सांगून टाकलं. तिच्या कॉलेजातल्या एक मॅडम दर शनिवारी नोएडाला बसतात, मुलांशी बोलतात, काउन्सेलिंग करतात. जाऊन ये.

तो एकदम सावध झाला. "नाही, नको. मेडिकलला कळतं."

"काय कळतं?"

"सगळं. आपल्यातल्या एकाचं सिलेक्शन गेलं ना तसं. सगळ्या परीक्षा पास झाला आणि मेडिकलला आउट. लहानपणी झोपेत चालायचा, तेसुद्धा काढलं त्यांनी. गावात माणूस पाठवून न्हाव्याला विचारलं."

मी या धंद्यातली बाई आहे. गोष्ट कुठे उसवलेली आहे आणि कुठे टाका घातलाय, ते मला लांबून दिसतं. न्हावी हा टाका होता. मी हसून म्हटलं, "अरे, न्हाव्याकडे जायला त्या माणसाला प्रवासभत्ता कोण मंजूर करणार? मी सरकारात इतकी वर्षं आहे. तिथे छाती, डोळे, कान तपासतात. तू कुणाशी बसून बोललास याची पावती कुणी मागत नाही. खरं सांगते."

"काकू," तो अगदी आदराने म्हणाला, "माकडाचंही तुम्ही असंच सांगितलं होतंत. खरं सांगते म्हणून."

घ्या! आयुष्यात पहिल्यांदा नवा पैसाभरही न वाढवता सांगितलेली गोष्ट, आणि तिला गिऱ्हाईक नाही. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं की परीक्षा अर्ध्यात सोडून आलेला हा मुलगा अजून मेडिकलला घाबरतोय. म्हणजे कुठेतरी, चिमूटभर का होईना, त्याला पुढचा दिवस दिसत होता. मी ती चिमूट घट्ट धरून ठेवली.

त्याला मात्र त्या दिवशी बरसातीवर परत पाठवायचं नाही, हे माझ्या आधी आमच्या ह्यांनी ठरवलं होतं. वर्षातून दोन वाक्यं बोलणारा माणूस, पण त्यांनी दार अडवून सांगितलं, "कॅरमला जोडीदार नाही मला. राहा आठवडाभर." आणि आपली स्वतःची रजई काढून दिवाणावर टाकली. मुलगा काकांना नाही म्हणू शकला नाही. ते दोघं रोज संध्याकाळी तोंडातून शब्द न काढता कॅरम खेळायचे आणि मी ऑफिसातून आल्यावर त्या टकटक आवाजावरून ओळखायचे की अजून सगळं ठीक आहे.

खरं चाललं नाही, तेव्हा मी माझ्या ठेवणीतलं काढलं. सकाळी चहाच्या वेळी सहज सुरू केलं, "तुला माहीत नसेल, पण आपल्यातला एक फार मोठा अधिकारी तयारीच्या दिवसांत दर आठवड्याला काउन्सेलरकडे जायचा. मला स्वतः सांगितलंय त्याने."

"कुठलं केडर?"

"केडर... ओरिसा."

"बॅच?"

मी एक वर्ष ठोकून दिलं.

"ऑप्शनल?"

"भूगोल. आणि... मराठी साहित्य."

"त्या बॅचला ओरिसात आपलं कुणी नाही, काकू. एक तमिळ आहेत आणि एक बाई आहेत राजस्थानच्या."

ही मुलं जेवण विसरतील, आईचा वाढदिवस विसरतील. पण कुठल्या बॅचला कोण कुठल्या केडरला गेलं हे त्यांना झोपेत विचारा. तमाम भारतात खोटा अधिकारी खपवता येईल, राजेंद्र नगरातल्या मराठी पोरापुढे नाही. "गुप्त ठेवलंय ते," मी म्हटलं. आमच्या ह्यांना चहाचा ठसका लागला. मुलाच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. तेवढंच.

मी थकले होते हो. ऑफिसात बसून फाइलवर बोट ठेवायचे आणि डोळ्यांपुढे ते एकात एक बसवलेले रिकामे डबे यायचे. दुपारी घरी फोन करायचे. हे त्या दिवसांत रजेवर होते, कशासाठी ते त्यांनी ऑफिसला काय कळवलं देव जाणे. फोनवर एवढंच म्हणायचे, "क्वीन त्याने घेतली." मी रिसीव्हर ठेवायचे आणि परत फाइल ओढायचे.

शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात कपाळ धरून बसले होते. नाटक नव्हतं, डोकं खरंच ठणकत होतं. पण त्यातूनच सुचलं. तो पाणी प्यायला आला तेव्हा म्हटलं, "मला झोपच लागत नाही रे आजकाल. ही कार्टी म्हणते, तिच्या मॅडमना भेट. पण एकटीने जायला कसंसंच होतं. आणि ह्यांना बोलायला कुठे न्यायचं?"

"मी येतो की सोबत."

विचार करायलाही थांबला नाही. आपल्याकडे दवाखान्यात कुणी एकटं जातं का? तालुक्याच्या इस्पितळात बघा, एका रोग्याबरोबर चार माणसं. एक एक्स-रे धरायला, एक पाण्याची बाटली धरायला, एक 'काही होत नाही' म्हणायला आणि एक चौथा, ज्याला का आणलं हे त्यालाच माहीत नसतं. स्वतःचा पाय मोडला तरी डॉक्टरकडे न जाणारा माणूस शेजाऱ्याच्या सर्दीला सोबत म्हणून जाईल. हे मला आठवायला आठवडा लागला, याचंच नवल.

कन्येने विचारलं, "सोबत मतलब कंपनी देना?"

"नाही," मी म्हटलं. "सोबत म्हणजे सोबत."

शनिवारी दुपारी आम्ही ऑटोने नोएडाला गेलो. एका सेक्टरात कम्युनिटी सेंटर होतं. खाली हॉलमध्ये कुणाच्यातरी लग्नाचा मांडव चाललेला, वरच्या मजल्यावर एक खोली, खोलीबाहेर एक बाक. तो माझी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बाकावर बसला. सोबत कशी करावी हे त्याच्याकडून शिकावं.

आत एक बंगाली बाई होत्या. केस निम्मे पांढरे, सुती साडी. समोर खुर्ची. मी बसले आणि सुरू झाले. गेल्या दिवाळीपासून डोळ्याला डोळा नाही. घड्याळाचे काटे मला नावाने हाका मारतात. एकदा तर जागेपणी आख्खा मटार सोलून संपवला, सकाळी बघते तर शेजारणीचा. ही असली वाक्यं मी जिन्यातच जुळवली होती. हिंदीतही ती बरी उतरत होती.

बाई हसल्या नाहीत. कपाळाला आठीही नाही. नुसत्या ऐकत होत्या. माझं ऐकून न हसणारं माणूस मला कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. माझी गाडी हळू झाली, अडखळली, थांबली.

मग त्यांनी विचारलं, "घर में आप चुप कब होती हैं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. खालून मांडववाल्याच्या हातोडीचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "बहुत थक गई हूँ, मैडम." हे वाक्य मी जिन्यात जुळवलेलं नव्हतं. मागोमाग काय काय आलं, ते इथे सांगत नाही. ते बाईंकडे राहू दे. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर रडायला येतं आणि पूल संपेपर्यंत आवरावं लागतं, एवढंच सांगते.

मग मला स्वतःचाच राग आला. "मैडम, मरीज मैं नहीं हूँ. मरीज बाहर बैठा है."

"मालूम है. आपकी बेटी ने बता दिया था. पर अभी कुर्सी पर तो आप हैं."

बघा, घरातली कार्टीच फितूर. मी त्यांना डबे, रजई, हिंदूरावची झाडी, उपासना, सगळं सांगितलं. त्या पुढे झुकल्या. "आपने उससे पूछा?"

"क्या?"

"यही, कि मरने का ख़याल आता है क्या."

 असलं कुणी तोंडातून काढतं? आमच्याकडे तर नुसतं 'जाते' म्हटलं तरी 'येते म्हण' असं दटावतात. मी तसं सांगितलंही.

"पूछने से ख़याल पैदा नहीं होता," बाई म्हणाल्या. "वह होगा तो पहले से होगा. पूछने पर उसे बस इतना लगेगा कि किसी को दिख गया. मैं भी पूछ सकती हूँ, पर मुझे वह जानता नहीं. आप पूछिए. सीधा पूछिए. कहानी मत सुनाइए. मैं शाम तक यहीं हूँ."

बाहेर आले तर तो उठून उभा राहिला. "काय म्हणाल्या?"

"चल, खाली काहीतरी खाऊ."

रस्त्याच्या कडेला शकरकंदीवाला होता. निखाऱ्यावर भाजलेली रताळी, वर लिंबू आणि मसाला. आम्ही पानांचे द्रोण घेऊन एका अर्धवट बांधलेल्या फुटपाथच्या कठड्यावर बसलो. समोर मोठा खड्डा खणलेला होता, त्यात पिवळी क्रेन उभी होती, बोर्डावर लिहिलं होतं की इथे दिल्लीकरांच्या स्वप्नातला बाजार येणार आहे. मी मनातल्या मनात प्रश्न दहा प्रकारे सजवला. एका प्रकारात माकडही आलं. सगळे टाकून दिले.

"तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का रे?"

काडीला टोचलेला रताळ्याचा तुकडा त्याने तोंडाजवळ नेला होता. तो तसाच राहिला. मी त्याआधी कधी इतका वेळ गप्प बसले नव्हते, आणि त्यानंतरही नाही.

"येतं," तो म्हणाला.

मग म्हणाला, "सकाळी जास्त येतं. काकांबरोबर खेळताना नाही येत."

"बरं," मी म्हटलं. 

"तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

"सांगणार. वर त्या बाई बसल्यात, त्यांना. म्हणजे तूच सांगणार."

"काकू, मेडिकल..."

"खड्ड्यात गेलं तुझं मेडिकल. तो बघ, समोरच आहे खड्डा."

त्याचे खांदे एकदा हलले. हसला का रडला ते मी बघितलं नाही. बघायचं नव्हतं मला. मग नाक पुसत म्हणाला, "माझं हिंदी असलं. प्रश्न विचारला तर उत्तर देईन. पण रडू आलं तर हिंदीत काय बोलू?"

"मराठीत बोल. बंगाली आहेत, नाही कळलं तर विचारतील. मला हिंदीत सगळं कळतं, तरी मी आत मराठीतच हुंदके दिले."

"तुम्ही रडलात?"

"थोडी."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. या गोष्टीवर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवत असावा. "तुम्ही बाहेर थांबाल?"

"सोबत आहे ना मी."

वर बाईंनी दार उघडंच ठेवलं होतं. तो आत गेला, दार लागलं. बाकावर मी, मांडीवर त्याचा स्वेटर. खाली मांडववाला माईक तपासत होता, हॅलो, हॅलो, चेक. आतून बराच वेळ काही ऐकू येईना. मग ऐकू आलं. मी स्वेटर घट्ट धरून बसले. शेजारी कुणी असतं तर मी नक्की एखादी गोष्ट सुरू केली असती. कुणी नव्हतं. मी त्या बाकावर नुसती बसले आणि कधीतरी भिंतीला डोकं टेकून मला चक्क झोप लागली.

पुढचं सगळं काही गोडगोड झालं नाही. बाईंनी त्याला एका डॉक्टरांकडेही पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, गोळ्यांनी त्याचं तोंड कोरडं पडायचं आणि तो चिडचिडा व्हायचा. एका शनिवारी ऑटोत बसायलाच तयार होईना. मी फुटपाथवर बसकण मारली आणि म्हटलं, मग मलाही जायचं नाही. लोक गोळा झाल्यावर बसला. वडिलांना एसटीडी बूथवरून त्याने स्वतः फोन केला, मी काचेबाहेर उभी होते. मास्तर पुढच्याच गाडीने आले. आमच्या हॉलमध्ये टोपी हातात धरून खुर्चीच्या काठावर बसले आणि मुलाला म्हणाले, "पाळकसाहेबांनी विचारलंय, आता तुझं नाव कसं घ्यायचं. मी म्हटलं, आजाऱ्यांत घ्या. चालंल का रे तुला?"

तो विचार करून म्हणाला, "चालेल. तिथे कुणाला पास व्हावं लागत नाही."

मास्तर हसले. बाप-लेकाचे खांदे अगदी एकसारखे हलतात, हे मला तेव्हा कळलं.

बरसात्यांवर ही बातमी पोचली, पण आपल्या पद्धतीने. काकू आजारी आहेत आणि तो त्यांना सोबत म्हणून नोएडाला नेतो, अशी. मी ती तशीच राहू दिली, वर दोन-चार लक्षणं वाढवून दिली. मग एक वाशीमचा मुलगा हळूच म्हणाला, काकू, पुढच्या वेळी मी येऊ का सोबत? मग त्याच्या सोबतीला सटाण्याचा. स्वतःसाठी म्हणून तिथे कुणीही, कधीही गेलं नाही. सगळे सोबतच होते. एका शनिवारी बाईंनी दार उघडलं तर बाकावर दाटीवाटीने पोरं बसलेली. त्यांनी विचारलं, "मरीज़ कौन है?" प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटी बाई म्हणाल्या, अच्छा, तो जो सबसे किनारे बैठा है वही पहले आए. आणि तो उठून गेला बिचारा, मुकाट्याने.

मीही अधूनमधून आत जायचे. ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तो त्या उन्हाळ्यात गावी गेला. पुन्हा परीक्षेला बसला नाही. निघताना मी त्याला मोठ्या डब्यात चिवडा भरून दिला. सवयीने म्हणाला, "डबा परत आणून देतो, काकू."

"खबरदार!" मी एवढ्याने ओरडले की खालचे सरदारजी बाहेर आले.

आता तो नगरकडे कुठल्याशा शाळेत शिकवतो, बायको आहे, एक मुलगी आहे. आमचे हे गेले, मी निवृत्त झाले, त्या खड्ड्यातून वर आलेला बाजार एव्हाना जुनाट दिसायला लागला आहे. गुडघ्यांमुळे रविवारची पंगत कधीच बंद पडली. पण दर नाताळाला त्याचा फोन येतो. करंज्या झाल्या का, माकड काय म्हणतं, रिटायर झालं का, असं बोलणं होतं. ठेवायच्या आधी मी विचारते. तो विसरला तरी मी विसरत नाही.

"डबा आहे ना रे?"

"आहे, काकू. जरा चेपलाय एका बाजूने. पण आहे."

"असू दे," मी म्हणते, आणि फोन ठेवून आडवी होते.